समासातली नोंद

मडगावच्या जुन्या बाजारामागे बसून
एकतीस वर्षं मी लोकांचे जन्म भाषांतरित केले.
पोर्तुगीजमधून इंग्रजीत, पानाला चाळीस रुपये,
शिक्क्याचे वेगळे.
कायतान रिबेलोचा आजा त्यातलाच एक:
एकोणीसशे एकवीस, असोळणे, औरस पुत्र,
आडनावात एक ल जास्त.
तो ल काढायला आम्हांला सात महिने लागले.
शेवटी समासात दुरुस्तीची नोंद झाली,
आणि त्या नोंदीवर पाय देऊन
कायतान स्विंडनला पोचला.

आता फेस्ताला आलाय.
बलकांवावर बसून फेणीत लिंबू पिळत
तिथल्या नव्या पक्षाची बाजू मांडतोय,
जणू साळ नदीच्या दोन्ही काठांवर
उद्याच मतदान आहे.
म्हणतो, भाई, देश म्हणजे धर्मशाळा नव्हे.
म्हणतो, होड्या भरभरून येतात
आणि न्यायाधीश त्यांना हाकलू देत नाहीत.
तो मानवी हक्कांचा करार एकदा फाडला
की सगळं सुतासारखं सरळ.
"मी रांगेत उभा राहिलो. फी भरली.
गोदामात रात्रपाळीला बोटं फुटली माझी थंडीनं.
हे कुठल्या रांगेत होते?"

प्रश्न खोटा नाही.
ती बोटं मी पाहिली आहेत.

ऑर्लिंदा, त्याची भाची, पणजीला वकिली करते.
सुंगटं सोलता सोलता तिनं विचारलं,
"मामा, मामीचा व्हिसा नाकारला
तेव्हा तुझा पगार किती पौंडांनी कमी पडला होता?"
चारशे दहा.
आकडा आतून आला, प्रेफिनाच्या तोंडून,
तव्यावरच्या चुरचुरीसकट.
"मग तिला तिथं कुणी नेलं? तुझ्या फीनं?
त्याच करारातलं आठवं कलम होतं ते.
सरकारनं कुणाचं घर उगाच मोडू नये,
एवढंच म्हणणारं एक वाक्य."
"आमची गोष्ट वेगळी."
"प्रत्येक फायलीत हेच लिहिलेलं असतं, मामा."

कायतान गप्प राहिला, मग चिडला,
मग म्हणाला की आमच्या गल्लीतला डॉक्टर
तीन आठवडे भेटत नाही, त्याचं काय?
ऑर्लिंदाकडे याला उत्तर नव्हतं.
तिनं एक सुंगट फार वेळ सोललं.

मी कुणाचीच बाजू घेतली नाही.
मागच्या रविवारी ग्रामसभेत
भायल्यांना रहिवासी दाखले देऊ नयेत
असा ठराव आला,
तेव्हा हात वर करणाऱ्यांत
तिसऱ्या रांगेत मी होतो.
हे इथं कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

छपरावर यमनूरप्पा कौलं परतत होता,
विजापूरकडचा.
सगळं ऐकत असणार, कोकणी त्याला माझ्याइतकीच येते.
पाणी प्यायला खाली उतरला
आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला,
भाई, एवढं भरून द्याल?

पेन माझ्याकडे नव्हतं.
कायताननं खिशातलं दिलं, न बघताच.
किती वर्षं राहता?
सोळा.
मुलं?
दोन, इथल्याच शाळेत.
नाव कसं लिहू?
"कार्डावर एक प जास्त पडलाय," तो ओशाळून म्हणाला,
जणू त्यानंच तो कुठून उचलून आणला होता.

कायताननं ग्लास खाली ठेवला.
"तो आधी काढून घे," म्हणाला,
"आत्ताच. नाहीतर पुढं फार छळतो."
आणि खुर्ची ओढून
माझ्या खांद्यावरून कागदात बघत राहिला.

दुरुस्ती कुठं लिहावी म्हणून मी कागद उलटसुलट केला.
त्या फॉर्मला समासच नव्हता.